आठवड्यांचा हिशोब : प्रसूतिपूर्व स्टेरॉइड आणि मुलांचे पुढचे आयुष्य

प्रस्तावना

गर्भाचे दिवस पुरे होण्याआधीच कळा सुरू झाल्या किंवा पाणमोट फुटली, तर आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन पोटातल्या बाळाची फुप्फुसे श्वासासाठी लवकर तयार करून घेता येतात, ही गोष्ट वैद्यकाला पन्नास वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. या उपचाराची तातडीची बाजू, म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळ तगणे, बऱ्याच अंशी निकालात निघाली आहे. त्याची दूरची बाजू, म्हणजे जन्माआधी ज्याच्यापर्यंत हे औषध पोहोचले ते मूल सहाव्या, दहाव्या किंवा तिसाव्या वर्षी कसे असते हा प्रश्न, मात्र अजून चर्चेत आहे आणि प्रस्तुत विवेचन त्या दुसऱ्या बाजूचे आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या चौकटीत ते मांडण्याचे कारण असे की, या औषधाचा दूरगामी गुण आणि दोष दोन्ही एकाच गोष्टीवर टांगलेले आहेत. ती गोष्ट म्हणजे इंजेक्शन दिले तेव्हा गर्भ नेमका किती आठवड्यांचा होता आणि त्यानंतर किती दिवसांनी तो जन्मला, हा हिशोब. आणि या दोन तालुक्यांतले बाळंतपण ज्या रीतीने घडते, त्या रीतीत हा हिशोब सर्वांत आधी हरवतो.

वैद्यकाच्या भाषेत शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल ते अकालप्रसूत. घरातली भाषा आठवडे मोजत नाही, ती महिने मोजते आणि त्यांतही सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, अशी एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही, कारण गर्भाशयात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूनेच पडतो. तरीही तिची दखल घ्यावी लागते, कारण भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्टेरॉइडसाठी ठरवलेली २४ ते ३४ आठवड्यांची मुदत घरच्या मोजणीत सहाव्या महिन्याच्या मध्यापासून आठवा सरत येईपर्यंतची होते, आणि ‘आठवा लागला असेल’ या ढोबळ उत्तराने या मुदतीची अलीकडची आणि पलीकडची कड दोन्ही पुसट होतात.

औषध नेमके काय करते, हे आधी पाहिले पाहिजे. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्यांच्या, आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर असतो आणि ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू जशा एकमेकींना चिकटतात तशा या पिशव्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मिटू पाहतात. त्यांना उघडे ठेवणारा स्निग्ध पदार्थ, सर्फॅक्टंट, वायुकोशांच्या भिंतीतल्या विशिष्ट पेशी तयार करतात, पण तो पुरेसा साठण्याचे काम गर्भावस्थेच्या शेवटच्या काही आठवड्यांत होते. दिवस भरत आले की गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीतून, म्हणजे मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीतून, कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात पाझरते आणि तेच फुप्फुसाला, आतड्याला, यकृताला बाहेरच्या जगासाठी सज्ज होण्याचा इशारा देते. बाहेरून दिलेले डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन हा इशारा वेळेआधी देते. येथवर सारे ठीक आहे. अडचण अशी की हा इशारा एकट्या फुप्फुसाला देण्याची सोय नाही. तो मेंदूसह सर्व अवयवांपर्यंत एकाच वेळी पोहोचतो आणि ‘आता वाढणे आवरा, तयारीला लागा’ असे सर्वांनाच सांगतो.

निसर्गाने यावर एक पहारा बसवलेला आहे. आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल गर्भाच्या तुलनेत पुष्कळ अधिक असते आणि ते सरळ आत शिरू नये म्हणून वारेत एक विकर असते, जे बहुतांश कॉर्टिसॉल निष्क्रिय करून टाकते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन ही कृत्रिम स्टेरॉइडे या पहाऱ्यातून बऱ्याच अंशी निसटतात, म्हणूनच ती उपयोगी पडतात, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी काळजीही वाटते. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या, स्मृतीशी आणि ताण हाताळण्याशी संबंधित, भागात या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक मोठ्या संख्येने असतात, आणि वारंवार मात्रा दिलेल्या मेंढ्यांची कोकरे कमी वजनाची निपजतात, हे प्रयोगांतून दिसलेले आहे.

मेंढ्यांचा उल्लेख सहज आलेला नाही, कारण या औषधाचा इतिहास मेंढ्यांपासूनच सुरू होतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये काम करणारे ग्रॅहॅम लिगिन्स प्रसूती सुरू कशी होते याचा शोध घेत होते. गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड दिल्यावर ते वेळेआधी जन्मते, हे पाहत असताना सुमारे १४७ दिवसांच्या गर्भकाळाऐवजी ११७ व्या दिवशीच जन्मलेल्या कोकराच्या फुप्फुसात अपेक्षा नसताना हवा भरलेली त्यांना आढळली. १९६९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९७२ मध्ये, बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह, २८२ मातांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. त्या चाचणीत श्वसनाचा गंभीर विकार स्टेरॉइड न मिळालेल्या बाळांत २५.८ टक्के, तर मिळालेल्यांत ९ टक्के आढळला. इतका ठळक फरक दिसूनही ते सर्रास वापरले जाण्यास दोन दशके लागली; अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जाणकारांची सहमती परिषद घेऊन त्याची शिफारस केली ती १९९४ साली. मधल्या काळात जी मुले गेली त्यांचा दोष कोणाच्या माथी मारावा, हा वैद्यकाच्या इतिहासातला एक अवघड प्रश्न आहे, आणि पुढे उलट टोकाला जाऊन ‘कळांची शंका आली की दे इंजेक्शन’ अशी जी सवय जगभर रुजली, तिच्या मुळाशी त्या उशिराची बोच आहे असे मानण्यास जागा आहे.

ऑकलंडची चाचणी एका वेगळ्या कारणानेही मोलाची ठरली. तिच्यातल्या मुलांचा शोध पुढे घेतला गेला आणि तिसाव्या वर्षी पाचशेहून अधिक जणांची तपासणी झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आकलनशक्ती यांत दोन गटांत फरक आढळला नाही. साखर पाजून केलेल्या चाचणीत तेवढे इन्सुलिन थोडे अधिक पाझरताना दिसले, म्हणजे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद किंचित मंदावल्याची खूण सापडली. तीच माणसे पन्नाशीला आली तेव्हा पुन्हा तपासणी झाली, आणि हृदयविकार किंवा मधुमेह अधिक असल्याचे तेव्हाही दिसले नाही. एका इंजेक्शनाचा माग अर्धे शतक घेणारे असे काम फार थोड्या औषधांच्या वाट्याला आले आहे. खरोखर लवकर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर निष्कर्ष दिलासा देणाराच आहे, कारण २०२० साली २७ चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक माता एकत्र धरून काढलेल्या आढाव्यात मृत्यू, श्वसनविकार आणि मेंदूतला रक्तस्राव कमी झालेलाच दिसतो, आणि बालपणीची विकासातली मंदताही कमीच आढळते. मेंदूत रक्तस्राव न होणे हाच बुद्धीचा सर्वांत मोठा बचाव असतो, हे त्यामागचे साधे कारण आहे.

काळजीची गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या मुलांपाशी : ज्यांच्या आईला इंजेक्शन मिळाले, पण कळा थांबल्या, आणि जी पुढे पूर्ण दिवसांची होऊन जन्मली. फिनलंडमध्ये जन्म, औषधे आणि आजार यांच्या राष्ट्रीय नोंदी एकमेकींशी जोडता येतात. तिथल्या ६,७०,०९७ मुलांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १४,८६८ मुलांना जन्माआधी स्टेरॉइड मिळाले होते आणि त्यांतली सुमारे ४५ टक्के मुले पूर्ण दिवसांची जन्मली. या पूर्ण दिवसांच्या मुलांत मानसिक आणि वर्तनविषयक विकारांचे निदान ८.८९ टक्के झाले, स्टेरॉइड न मिळालेल्या पूर्ण दिवसांच्या मुलांत ते ६.३१ टक्के होते. अकाली जन्मलेल्या मुलांत असा ठाम फरक उरला नाही. इथे घाईने निष्कर्षाला जाणे बरे नव्हे, कारण जिला अकाली कळांची भीती निर्माण झाली ती आई मुळातच वेगळी असू शकते, तिला जंतुसंसर्ग, रक्तदाब, ताण किंवा आणखी काही असू शकते, आणि मुलाच्या पुढच्या अडचणीचे मूळ औषधात नसून त्या आजारात असू शकते. संशोधकांनी याच शंकेपोटी सख्ख्या भावंडांची तुलनाही केली आणि फरक तिथेही टिकून राहिला. तरीही नोंदींच्या अभ्यासाला चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचे वजन येत नाही.

अशा चाचण्याही एका सुरात बोलत नाहीत. ब्रिटनमध्ये दिवस भरल्यावर ठरवून केलेल्या सिझेरियनच्या आधी स्टेरॉइड दिलेल्या मुलांचा शाळेत पाठपुरावा झाला तेव्हा शिक्षकांनी अभ्यासात सर्वांत मागच्या चौथाईत बसवलेली मुले औषध मिळालेल्यांत १७.७ टक्के, न मिळालेल्यांत ८.५ टक्के निघाली. याउलट अमेरिकेत ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान बीटामेथासोन दिलेल्या मुलांची सहा वर्षांनंतर बुद्धिमापन चाचणी घेतली, तेव्हा दोन गटांत फरक सापडला नाही. मात्र जन्मानंतर लगेच रक्तातली साखर उतरण्याचे प्रमाण त्याच मुलांत १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेले होते. एकाच गर्भारपणात दर पंधरा दिवसांनी मात्रा देत राहण्याची पद्धत १,८५८ मातांवर तपासली गेली, आणि बाळांचे वजन, उंची व डोक्याचा घेर कमी भरल्याने ती मागे पडली. या सगळ्यातून निघणारा अर्थ बराच स्पष्ट आहे. लवकर जन्मणाऱ्याला हे औषध वाचवते, वेळेवर जन्मणाऱ्याला ते काही देत नाही आणि कदाचित थोडे घेऊन जाते. आणि इंजेक्शन देताना समोरची बाई या दोहोंपैकी कोणत्या मुलाची आई आहे, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

हा पेच मराठी मुलखाला परका नाही. मोठ्या रुग्णालयांबाहेर, खेड्यापाड्यांतल्या आरोग्ययंत्रणेतून हे औषध पोहोचवले तर काय होते, हे पाहणारी चाचणी सहा देशांत झाली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष आले. भारतातली तिची दोन क्षेत्रे होती नागपूर आणि बेळगाव. गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, आणि पाळीची तारीख ठाऊक नसेल तिथे गर्भाशयाची उंची मोजून आठवड्यांचा अंदाज देणारी रंगीत पट्ट्यांची टेप वापरली गेली. सुमारे एक लाख जन्मांतून जे हाती आले ते चक्रावून टाकणारे होते : सर्वांत कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सर्व बाळे मिळून पाहता दर हजार जिवंत जन्मांमागे अठ्ठावीस दिवसांच्या आतले मृत्यू सुमारे साडेतीनने वाढले, मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही अधिक आढळला. पाच वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे निश्चित करून, २६ ते ३४ आठवड्यांच्या आतल्या २,८५२ मातांवर तेच डेक्सामेथासोन तपासले, तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच आणि मात्राही तीच, ६ मिलिग्रॅमच्या चार. फरक होता तो दिवसांच्या खात्रीचा आणि जन्मानंतर बाळाची ऊब, दूध, प्राणवायू आणि जंतुसंसर्ग सांभाळणाऱ्या हातांचा.

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न आणखी एका अंगाने अवघड होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा जो अभ्यास चालवला, त्यात तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास भरले, आणि दिसायला बारीक असूनही अंगात चरबीचा अंश तुलनेने अधिक असलेले भारतीय बाळ जगाच्या वैद्यकीय चर्चेत आले. जिथे पूर्ण दिवसांची बाळेच एवढी लहान, तिथे तराजू दिवस सांगू शकत नाही. सव्वादोन किलोचे मूल लवकर आलेले असेल, किंवा वेळेवर येऊनही पोटात नीट न पोसलेले असेल, आणि स्टेरॉइडच्या दृष्टीने या दोन मुलांत जमीनअस्मानाचा फरक आहे. त्याच रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. तो स्टेरॉइडचा अभ्यास नव्हे, पण त्या अभ्यासाला जी जमीन लागते ती त्याने दाखवून दिली : बहुतेक मुलांची बुद्धी सामान्य मर्यादेतच, मात्र सोबत्यांहून थोडी खाली, वाचन, गणित आणि हात-डोळ्यांचा मेळ यांत अडथळे, सर्वांत मागे ती, जी अकाली जन्मली आणि शिवाय आठवड्यांच्या मानानेही लहान होती, आणि या सर्वांवर आईच्या शिक्षणाची व घरच्या परिस्थितीची गडद छाया. अशा छायेत एका इंजेक्शनाचा दोन-तीन टक्क्यांचा परिणाम वेगळा काढणे म्हणजे सुपातल्या बाजरीतून राळ्याचे दाणे निवडण्यासारखे आहे. तसे पाहता या कामाला लागणारी चिकाटी शिरूर तालुक्यात अपरिचित नाही. वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या केईएमच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पातून २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या बावीस गावांत घरोघरचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नोंद ठेवली जात आली आहे.

परंतु बावीस गावे म्हणजे दोन तालुके नव्हेत. घोडनदीकाठचे शिरूर नगर रस्त्यावर आहे आणि त्याच्या अलीकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर ही कारखान्यांची रांग लागते, जिथे मराठवाड्यातून आणि परप्रांतांतून आलेली तरुण जोडपी भाड्याच्या खोल्यांत राहतात. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, कुरकुंभला रासायनिक कारखाने, आणि भीमेच्या काठाने पसरलेला ऊस. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि फडाच्या कडेला उभारलेल्या कोपीत पोटुशी बाई. तिची पहिली तपासणी गावाकडे झालेली असते, पाळीची तारीख तिथल्या आशाताईच्या वहीत असते आणि माता-बाल संरक्षण कार्ड कित्येकदा गावच्या पेटीतच राहिलेले असते. स्थायिक घरांतही वेगळे घडत नाही, कारण पहिले बाळंतपण माहेरी ही रीत अजून टिकून आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी सासरच्या आरोग्य केंद्राच्या हद्दीतून निघून माहेरच्या हद्दीत जाते, आणि ज्या आठवड्यांत स्टेरॉइडचा निर्णय करावा लागतो नेमक्या त्याच आठवड्यांत तिचे कागद आणि ती दोन वेगवेगळ्या तालुक्यांत असतात.

अशा बाईला रात्री कळा सुरू झाल्यावर काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. २०१४ च्या सूचनांनुसार उपकेंद्रातली परिचारिकाही पहिली मात्रा देऊन मगच तिला पुढे पाठवू शकते. डेक्सामेथासोनची कुपी दोन मिलिलिटरची असते, दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम औषध. सिरिंजमध्ये दीड मिलिलिटर ओढायचे, स्नायूत टोचायचे, अर्धा मिलिलिटर कुपीत उरतो. पुढच्या तीन मात्रा बारा-बारा तासांनी. उपचाराचा सर्वाधिक लाभ पहिल्या मात्रेनंतर एक दिवसापासून साधारण सात दिवसांपर्यंत जन्म झाल्यास मिळतो, त्यामुळे पहिली मात्रा किती वाजता दिली हे पुढच्या डॉक्टरांना कळणे औषधाइतकेच महत्त्वाचे. ते कळण्याचे साधन म्हणजे पुढे पाठवतानाची चिठ्ठी, जी १०८ च्या गाडीत बाईच्या सासूच्या किंवा आशाताईच्या मुठीत असते. ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा रुग्णालय, तिथून पुण्याचे ससून किंवा बारामती, अशा प्रवासात एक चिठ्ठी मागे राहिली की पुढच्या ठिकाणी पहिल्यापासून चार मात्रा सुरू होण्याचा संभव असतो, आणि मोठ्या चाचण्यांनी जपून टाळायला सांगितलेली वाढीव मात्रा नकळत घडून जाते. कळा थांबल्या तर बाई घरी परतते. घरी तिला ‘बाळाच्या छातीचे इंजेक्शन’ दिल्याचे आठवते, तारीख आठवत नाही. दोन महिन्यांनी ती दिवस भरून सुखरूप बाळंत होते आणि त्या इंजेक्शनाचा विषय तिथेच संपतो.

फिनलंडच्या आकड्यांत जे मूल दिसते ते नेमके हेच, दिवस भरून जन्मलेले आणि म्हणून कोणाच्याही जोखमीच्या यादीत नसलेले. विशेष नवजात शिशु कक्षातून घरी गेलेल्या बाळाचा निदान काही काळ पाठपुरावा होतो. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासते आणि विकासातली मंदता आढळल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पण पहिलीच्या वर्गात एका जागी न बसणारे, अक्षरे उलटी गिरवणारे मूल गुरुजींच्या लेखी द्वाड असते किंवा लाडावलेले असते. त्याच्या जन्माआधीच्या एका रात्रीचा पत्ता गुरुजींना नसतो, पथकातल्या डॉक्टरांना नसतो आणि बहुधा आईलाही धड नसतो. आणि तो असता तरी या एका मुलाच्या चंचलपणाचे कारण तेच, असे कोणत्याही प्रामाणिक माणसाला म्हणता आले नसते. आकड्यांत दिसणारा धोका एकेका मुलावर लावता येत नाही, हे या विवेचनात पुन्हापुन्हा सांगावे लागणार आहे, कारण ते न सांगितल्यास ज्या आईला इंजेक्शन खरोखर हवे आहे ती त्याला घाबरेल, आणि तिच्या मुलाचे नुकसान टक्क्यांत मोजण्याजोगे उरणार नाही.

शाळाप्रवेशाला जोडला जाणारा जन्माचा दाखला तारीख सांगतो, ठिकाण सांगतो, आईबापांची नावे सांगतो, गर्भाचे आठवडे सांगत नाही. जन्मनोंदणीसाठी रुग्णालयातून भरून जाणाऱ्या नमुन्यात मात्र ते विचारलेले असतात. त्याच्या सांख्यिकी भागात जन्मवजनाच्या रकान्याशेजारी गर्भकाळ किती आठवड्यांचा, हा रकानाही आहे. नमुन्याचा कायदेशीर भाग निबंधकाकडे राहतो, आणि आठवडे लिहिलेला सांख्यिकी भाग त्यापासून वेगळा काढून आकडेवारीसाठी पुढे पाठवला जातो.